पवनचक्कीआधीची बोलणी : सातारा-सांगलीतून समुद्रावरच्या कामाला जाणाऱ्या नवोदितांसाठी

साताऱ्याहून सज्जनगडाच्या अंगाने निघून ठोसेघर ओलांडलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. पावसाळ्यात इथलं धुकं इतकं दाट असतं की पवनचक्कीचा खांब दिसत नाही. नुसतं एक पातं धुक्यातून खाली येतं आणि परत धुक्यात जातं. आवाज मात्र थांबत नाही. या पठारावर, पाटणकडच्या वनकुसवड्याच्या सड्यावर (सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट पठार), शिराळ्यातल्या गुढे-पाचगणीला आणि कवठेमहांकाळच्या ढालगाव भागात चक्क्या फिरताना बघत आमच्याकडची एक पिढी वाढली. मी पाटण तालुक्यातला. पुढे पर्यावरण सल्लागाराकडे नोकरी लागली आणि 'लोकांशी बोलून या' हेच माझं काम झालं.

आता हे काम समुद्रावर निघालंय. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातून गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यापुढे प्रत्येकी ५०० मेगावॅट उभे करायचे आहेत. कराड, सांगली, विट्याकडची मुलं-मुली पर्यावरणशास्त्र किंवा समाजकार्य शिकून सल्लागार कंपन्यांत लागतात आणि पहिल्याच महिन्यात त्यांच्या टेबलावर 'स्टेकहोल्डर कन्सल्टेशन'ची, म्हणजे प्रकल्पाची झळ ज्यांना लागू शकते अशा हितसंबंधितांशी बोलण्याची, फाइल येते. मग फोन येतो, "दादा, आपण कधी होडीत बसलो नाही. मच्छीमारांशी काय बोलणार?"

सड्यावर जे शिकता येतं त्यातलं पुष्कळसं समुद्रावर चालतं. जे चालत नाही तेवढं वेगळं शिकून घ्यायचं. काम ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने पुढे लिहितो.

१. आधी बघा, ही बोलणी कुठल्या कायद्याखाली येतात

नवा माणूस पहिल्यांदा इथे अडखळतो. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची, म्हणजे सगळे जिला ईआयए म्हणतात ती, १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना आहे. पर्यावरण संरक्षणाच्या १९८६ च्या कायद्याखाली ती निघाली. तिच्या अनुसूचीत धरणं, खाणी, कारखाने, बंदरं अशा प्रकल्पांची यादी आहे आणि जाहीर सुनावणीचं बंधन त्या यादीतल्या प्रकल्पांना लागतं. जमिनीवरच्या पवनचक्क्या त्या यादीत नाहीत. म्हणून आमच्या पठारांवर चक्क्यांसाठी जाहीर सुनावणी घ्यावीच लागेल असं कायद्याने कधी म्हटलं नाही. वनजमीन लागली तर १९८० चा वनसंवर्धन कायदा येतो आणि वनहक्क कायद्यामुळे ग्रामसभेचा विषय येतो. बाकी ठिकाणी कागदावर उरतो तो जमीनमालकाशी झालेला व्यवहार.

समुद्रातलं वेगळं आहे. २०१५ च्या राष्ट्रीय धोरणाप्रमाणे नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय मुख्य आहे आणि चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था त्याची कार्यकारी यंत्रणा. समुद्रतळ भाडेपट्ट्याने देण्याचे नियम २०२३ मध्ये आले. पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी ईआयए आणि किनारा नियमन या दोन्ही अंगांनी पाहिली जाते, कारण समुद्रातली वीज केबलने किनाऱ्यावर आणावी लागते आणि ती जिथे जमिनीला लागते तो पट्टा किनारा नियमन क्षेत्रात मोडतो. शिवाय संरक्षण, गृह, परराष्ट्र, नौवहन, पेट्रोलियम, अवकाश, दूरसंचार अशा खात्यांची ना हरकत. परदेशी बँकेचं कर्ज असेल तर बँकेच्या अटी वेगळ्या. लोकांना आधी माहिती द्या, त्यांचं म्हणणं घ्या आणि तक्रार ऐकायची कायमची सोय ठेवा, हे त्या अटींमध्ये असतंच.

एक कागद घ्या. डावीकडे प्रत्येक परवानगी लिहा आणि उजवीकडे तिच्यासाठी कोणाचं, कोणत्या पद्धतीने ऐकणं बंधनकारक आहे ते लिहा. उजवी बाजू जिथे रिकामी राहील तिथे तुमचं खरं काम आहे. आमच्या पठारांवर ती बाजू जवळजवळ कोरी होती, आणि पंचवीस वर्षांनीही लोक बोलायला बसले की पहिला विषय तोच निघतो: आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

२. यादी माणसांची नको, वापराची करा

हितसंबंधितांची यादी करा म्हटलं की नवीन माणूस सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, संस्थांचे अध्यक्ष अशी नावं लिहून आणतो. मीही तेच करायचो. त्या यादीत पदं येतात, पण ती जागा वापरणारी माणसं येत नाहीत.

पठाराचंच घ्या. जमीन कोणाची हे सातबाऱ्यावर आहे. पण पाटण-जावळीच्या कितीतरी खातेदारांचं आयुष्य मुंबईत माथाडी कामात गेलं. ते गावाला येतात यात्रेला आणि गणपतीला. खानापूर-आटपाडीचे खातेदार गलाईच्या धंद्यात, सोन्या-चांदीच्या भट्ट्या घेऊन देशभर पांगलेले. जतचे कित्येक जण ऊसतोडीला गेलेले. तुम्ही जानेवारीत सभा घेतलीत आणि चाळीस माणसं आली, तरी ज्यांच्या जमिनीवरून रस्ता जाणार ते त्यात असतीलच असं नाही.

उलट बाजूने, पठार रोज वापरणाऱ्यांची नावं सातबाऱ्यावर नसतात. गुरं चारणारे गवळी-धनगर, पावसाआधी सरपण गोळा करणाऱ्या बायका, मध काढणारे, देवाच्या वाटेने पायी जाणारे. जतच्या माळावर माडग्याळी मेंढ्यांचे कळप फिरतात. त्या माळाचा मालक एक, चारणारे दुसरे आणि पाणी पाजायची जागा तिसऱ्याचीच. म्हणून मी आता यादी अशी करतो: इथे पाणी कोण भरतं, इथून कोण जातं, इथे काय उगवतं आणि ते कोण नेतं, रात्री इथे कोण असतं, वर्षातून एकदाच इथे कोण येतं. माणसांची नावं या प्रश्नांच्या उत्तरांतून आपोआप येतात.

समुद्राला तर सातबाराच नाही. तिथे ही पद्धत जास्तच लागते. मोठे ट्रॉलर, लहान यांत्रिक होड्या, बिनयंत्राच्या होड्या, डोल जाळीवाले, किनाऱ्यावरून रापण ओढणारे अशा प्रत्येकाची समुद्रातली जागा वेगळी आणि हंगामही वेगळा. गुजरातेत जाफराबादकडे डोल जाळीचा बोंबील मोठा धंदा आहे. डोल जाळं एका जागी खुंट्यांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी लावतात. ट्रॉलरवाला चार मैल वळसा घेऊ शकेल, खुंट्यांवरचं जाळं वळसा घेऊ शकत नाही. म्हणजे 'मच्छीमार' असा एकच रकाना केलात की पहिल्याच पानावर चूक झाली. होडीमालक आणि होडीवरचे खलाशी यांनाही एका ओळीत बसवू नका. नुकसान मालकाचं आणि खलाशाचं सारखं नसतं, आणि मालक बसलेला असेल तर खलाशी तोंड उघडत नाही. मग मासे विकणाऱ्या बायका, सुकवणाऱ्या बायका, बर्फाचा कारखाना, जाळी विणणारे. ही माणसं समुद्रात जात नाहीत, पण होडी रिकामी आली की त्यांचीही चूल अडते.

या टप्प्यावर घाई करू नका. मी नवीन मुलांना पहिले आठ दिवस एकही सभा घेऊ देत नाही. बंदरावर पहाटे उभं राहायचं, लिलाव बघायचा, चहाच्या टपरीवर बसायचं.

३. आखणी कागदावर असतानाच जा

वेळेच्या दोन गोष्टी आहेत. एक लोकांची वेळ आणि दुसरी आराखड्याची. नवीन लोक पहिलीचा विचार करतात आणि दुसरी विसरतात.

आराखड्याची वेळ म्हणजे चक्क्यांच्या जागा, रस्ता, केबलचा मार्ग हे सगळं बदलता येण्याजोगं असताना लोकांकडे जाणं. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनसमोर मिडलग्रुंडेन नावाचा समुद्रातला पवन प्रकल्प आहे. पहिल्या प्रस्तावात तीन रांगांत २७ चक्क्या होत्या. १९९७ च्या सुनावणीत त्याला विरोध झाला, शहरासमोरचं दृश्य बिघडेल म्हणून. मग एकाच वळणदार ओळीत २० चक्क्या अशी मांडणी झाली आणि २००० साली त्या उभ्या राहिल्या. त्यातल्या निम्म्या स्थानिक नागरिकांच्या सहकारी संस्थेच्या आहेत. सहकारावर वाढलेल्या आपल्या जिल्ह्यांतल्या वाचकाला यातलं महत्त्व वेगळं सांगायला नको. २७ च्या २० झाल्या, कारण लोक बोलले तेव्हा कंत्राट सुटलेलं नव्हतं.

तुम्ही कनिष्ठ असाल, आराखडा कधी पक्का होणार हे ठरवणं तुमच्या हातात नसेल. पण प्रकल्प व्यवस्थापकाला लेखी विचारणं हातात आहे: "या तारखेपर्यंत आलेल्या सूचनांनी काय काय बदलू शकतं?" उत्तर 'काहीच नाही' असं आलं तर गावात जाऊन 'तुमच्या सूचना हव्यात' म्हणू नका. 'माहिती द्यायला आलोय' असं म्हणा. लोकांना फरक कळतो.

आता लोकांची वेळ. केंद्राच्या आदेशाप्रमाणे पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, मालक घरी असतात, म्हणून सभा घ्यायला हा काळ सोयीचा वाटतो. पण बाहेरगावचे खलाशी नेमके तेव्हा आपापल्या गावी गेलेले असतात. म्हणजे दोनदा जाणं आलं. आमच्याकडे आठवडा बाजाराच्या दिवशी, भांगलणीत, द्राक्षाच्या छाटणीत सभा ठेवू नका. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, मुंबईकर भेटतात. एकदा पाटणच्या एका वाडीची बैठक आम्ही नवी मुंबईत घेतली होती. वाडीतल्या सभेला नऊ खातेदार आले होते, तिथे बावन्न आले.

४. काय घेऊन जायचं

प्रकल्पाची माहिती लोकांच्या भाषेत. हे वाक्य सगळे म्हणतात आणि मग इंग्रजी सारांश कोणाकडून तरी भाषांतर करून आणतात. 'टर्बाइनजन्य छाया-स्पंदन' असं छापलेलं मी पाहिलंय. त्याचा अर्थ एवढाच की संध्याकाळी पात्याची सावली घराच्या भिंतीवरून फिरत राहते. तसंच लिहा. 'समुद्राच्या तळात पोलादी खांब ठोकणार, ठोकताना पाण्याखाली मोठा आवाज होणार, त्याने मासे लांब जाऊ शकतात' हे कोणालाही कळतं. जतच्या पूर्व भागात घराघरांत कन्नड बोलतात, तिथे मराठी पत्रक देऊन काम झालं असं समजू नका. गुजरात-तामिळनाडूला गेल्यावर दुभाष्या लागेल. तो कंपनीचा माणूस नसावा आणि होडीमालकाचा पाहुणाही नसावा.

नकाशा मोठा छापा आणि त्यावर लोकांची नावं घाला. सर्व्हे नंबर नव्हे, 'पांढरीचा माळ', 'म्हसोबाचं टेकाड' अशी. समुद्रातही मच्छीमारांनी आपल्या जागांना नावं दिलेली असतात. मात्र इथे एक जपा. चांगली मासळी कुठे लागते हे प्रत्येक तांडेलाचं, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाचं, गुपित असतं. नेमका बिंदू विचारलात तर तो एक तर खोटा सांगेल नाहीतर उठून जाईल. मोठ्या चौकटी आखलेला नकाशा द्या आणि कोणत्या चौकटीत, कोणत्या महिन्यात एवढंच विचारा. तो कागद इतर होडीवाल्यांना दिसणार नाही असा शब्द द्या आणि पाळा.

चक्की केवढी दिसेल हेही दाखवा. किनाऱ्यावरून काढलेल्या फोटोवर चक्क्या बसवून तयार केलेलं चित्र घेऊन जा आणि तो फोटो जिथून काढला तिथेच उभं राहून लोकांच्या हातात द्या. खंभातच्या आखातात पिपावावपासून सुमारे २३ किलोमीटरवर २०१७ मध्ये वारा मोजायचं लायडार यंत्र बसवलं होतं. तिकडच्या माणसांशी बोलताना अशा त्यांनी पाहिलेल्या गोष्टीपासून सुरुवात केली की अंतराचा अंदाज लगेच येतो.

५. बैठकीत

पहिली दहा मिनिटं तुम्ही बोला, पुढे गप्प बसा. कोण आहात, कोणाचा पगार घेता, काय ठरलंय, काय अजून ठरलेलं नाही. पगाराचं लपवू नका, लोकांना माहीत असतंच.

बायकांची बैठक वेगळी घ्या आणि त्यांच्या कामाच्या जागेजवळ घ्या. देवळाच्या सभामंडपात घेतलेल्या बैठकीत त्या मागे भिंतीला टेकून बसतात आणि 'आमचं काय, बाप्ये सांगतील तेच' म्हणतात. पाणवठ्यावर, मासे सुकवायच्या ओट्यावर त्याच बायका तासभर बोलतात.

नोकरी, वर्गणी, सभामंडप यातलं काहीही कबूल करू नका. 'बघू', 'सांगतो वरती' हेही बोलू नका, कारण गावात 'बघू' म्हणजे होकार धरतात. 'हे ठरवणं माझ्या हातात नाही, पण मी तुमच्याच शब्दांत लिहून नेतो आणि अमुक तारखेला उत्तर घेऊन येतो' एवढंच म्हणा. तारीख सांगितली की ती पाळावी लागते, म्हणून विचार करून सांगा.

समुद्रावर ठरलेले काही प्रश्न येतातच. चक्क्यांच्या मधून होडी नेता येईल का? रात्री, वादळात काय? आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याप्रमाणे अशा बांधकामाभोवती ५०० मीटरपर्यंत सुरक्षा क्षेत्र ठेवता येतं. तुमच्या प्रकल्पात ते किती असेल आणि ते फक्त बांधकामाच्या काळात की कायमचं, हे जाण्याआधी विचारून घ्या. केबल किती खोल पुरणार? नांगर किंवा ट्रॉलचं जाळं तिच्यात अडकलं तर भरपाई कोण देणार, पुरावा काय लागणार? खांब ठोकायचं काम माशांच्या विणीच्या काळात बंद ठेवणार का? यांची उत्तरं तयार नसतील तर तसं सांगा.

आणखी एक. लोकांना सगळं माहीत असतं असं धरू नका, काही गोष्टी मोजाव्याच लागतात. चाळकेवाडीच्याच पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी काम केलं, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. जिथे चक्क्या नाहीत तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. चक्क्यांच्या भागात पक्षी कमी, म्हणून पंख्यासारखा गळा फुलवणारे सरडे जास्त, आणि त्यांच्या अंगातलं ताणाचं संप्रेरकही कमी. खांबाच्या वर फिरणाऱ्या पात्याचा परिणाम जमिनीवरच्या सरड्यापर्यंत असा उतरतो. कुठल्याही सभेत हे कोणी बोललं नसतं. इंग्लंडमध्ये थेम्सच्या मुखाशी असलेल्या लंडन ॲरे प्रकल्पाचा दुसरा टप्पा २०१४ मध्ये सोडून दिला गेला. तिथे हिवाळ्याला येणाऱ्या लाल गळ्याच्या डायव्हर पक्ष्यांवर काय परिणाम होईल हे समजून घ्यायला आणखी काही वर्षं लागली असती, हे त्यामागचं मोठं कारण. पक्ष्यांचे, माशांचे अभ्यासक हेही तुमच्या यादीतले हितसंबंधित आहेत. त्यांना शेवटी अहवाल तपासायला बोलावू नका, आधी बोलवा.

६. नोंदवही

सगळं काम इथे तरतं किंवा बुडतं. माझ्या हातून बुडालेलं एक सांगतो.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. पाटण तालुक्यातल्या एका सड्यावर रस्त्याची आखणी चालली होती. बैठक संपल्यावर एका आजींनी मला बाजूला नेलं आणि म्हणाल्या, "उंबराच्या बुडात झरा हाय. एप्रिल सरला की खालच्या हिरीत घागर बुडत न्हाई, तवा आमी तितनं पानी आनतो. तुमचा रस्ता त्येच्या डोक्यावरनं गेला तर पावसात समदी माती खाली यील."

मी वहीत लिहिलं: 'ग्रामस्थांनी पाण्याच्या स्रोतांबाबत चिंता व्यक्त केली.' अहवालात तेच वाक्य गेलं आणि त्यापुढे 'योग्य ती काळजी घेण्यात येईल.'

आजींच्या बोलण्यात जागा होती, महिना होता, कोणाला लागतं ते होतं, काय केलं तर काय होईल तेही होतं. माझ्या वाक्यात त्यातलं एकही उरलं नाही. रस्त्याच्या इंजिनिअरने ते वाचलंही असेल, पण वाचून करणार काय? कुठलं पाणी, कुठला स्रोत? आखणी तेव्हा कागदावर होती, दीडशे फूट वरून नेता आली असती. रस्ता होता तसाच झाला. पुढच्या उन्हाळ्यात मी दुसऱ्याच कामासाठी गेलो तेव्हा आजी मला झऱ्यावर घेऊन गेल्या. उंबराच्या मुळांत लाल मुरूम बसला होता. त्यांनी वाकून दोन्ही हातांनी तो उपसला. खाली ओल होती, पाणी नव्हतं. रागावल्या नाहीत. "तुला सांगितलं हुतं की रं," एवढंच म्हणाल्या. ते काम कोणत्या कंपनीचं होतं याने काही फरक पडत नाही. वाक्य माझं होतं.

तेव्हापासून माझ्या नोंदवहीत रकाने असे असतात. माणसाचे शब्द, जसेच्या तसे, बोलीत. जागा, तिथे जाऊन घेतलेल्या जीपीएस बिंदूसकट. महिना किंवा हंगाम. काय झालं तर काय होईल असं त्यांना वाटतं. हे मी कोणाकडे पाठवलं आणि कोणत्या तारखेला. त्यावर आराखड्यात काय बदललं, नसेल बदललं तर का. आणि शेवटचा, उत्तर त्या माणसाला कधी सांगितलं. हा शेवटचा रकाना कोरा असेपर्यंत ती ओळ उघडी आहे असं मी धरतो.

'चिंता व्यक्त केली', 'सकारात्मक प्रतिसाद दिला', 'सूचना केल्या' हे तीन शब्दप्रयोग वहीत येऊ देऊ नका. तुमच्या वरिष्ठांना सारांश लागेल, तो द्या, पण मूळ ओळ पुसू नका. सही-अंगठ्याचा कागद हजेरीचा आहे की संमतीचा, हे त्या कागदाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात छापा. हजेरीच्या सह्या पुढे संमती म्हणून जोडल्या गेल्या तर गाव पुन्हा कधीच सही करत नाही, आणि त्यात गावाची चूक नाही.

७. जाहीर सुनावणी

तुमचा प्रकल्प अनुसूचीत नसला तरी ही पद्धत पाठ असू द्या, कारण पुढे धरण, खाण, बंदर यांच्या कामावर लागलात की ती लागणारच. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ सुनावणी भरवतं. मसुदा अहवाल आणि स्थानिक भाषेतला सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पंचायत अशा ठिकाणी वाचायला ठेवतात. एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात जाहिरात येते आणि लोकांना किमान ३० दिवस मिळतात. पेपर पोचत नाहीत तिथे दवंडीसुद्धा द्यायची असते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याच्या खालचा नसलेला प्रतिनिधी. गणसंख्येची अट नाही, पण हजर असलेल्या प्रत्येकाला विचारायची संधी मिळाली पाहिजे. चित्रीकरण होतं. शेवटी कामकाजाचा गोषवारा लोकांच्या भाषेत वाचून दाखवून इतिवृत्तावर त्याच दिवशी सही व्हायला हवी. ज्यांना यायला जमत नाही त्यांच्या लेखी हरकतींनाही तितकंच स्थान आहे.

जायच्या आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरची जुनी इतिवृत्तं वाचा. आमच्याच दोन जिल्ह्यांतली वाचलीत तरी चालेल. प्रश्न एका रकान्यात, कंपनीचं उत्तर दुसऱ्यात. कोणत्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळालं आणि कोणत्याला 'नियमांचे पालन केले जाईल' एवढंच मिळालं, त्यावर पेन्सिलने खुणा करत वाचा.

सुनावणीच्या दिवशी लोक प्रकल्पाचं नाव पहिल्यांदा ऐकत असतील, तर आधीचे सहा टप्पे झालेच नाहीत असं समजा.

८. परत जाणं

दुसरी भेट पहिलीइतकीच ठरवून करा. वही घेऊन जायचं आणि ज्याची ओळ त्याला वाचून दाखवायची. बैठकीत नाही, एकेकट्याला. 'तुम्ही हे म्हणाला होता, मी असं लिहिलंय, बरोबर आहे का?' मग काय बदललं ते सांगायचं, आणि नसेल बदललं तर तेही कारणासकट. नकार तोंडावर सांगितला तर माणसं ऐकून घेतात, भांडतात, पण पुढच्या वेळी दार उघडतात. काम सुरू झाल्यावर तक्रार कोणाकडे करायची, त्याचा फोन नंबर आणि किती दिवसांत उत्तर येईल हे याच भेटीत लिहून द्या. समुद्रावर हा माणूस बंदरात राहणारा आणि मासेमारी कळणारा हवा. युरोपात पवन प्रकल्पांवर मच्छीमारांशी संपर्क ठेवायला असा वेगळा माणूस नेमतात.

जतच्या पूर्व भागात एका मामांच्या मेंढरांची वाट मी नकाशावर काढली होती, सकाळी माळावर आणि संध्याकाळी ओढ्याकडे. चार महिन्यांनी परत गेलो. वाड्याबाहेर घोंगड्यावर नकाशा पसरला, ओळ वाचून दाखवली. मामांनी मान हलवली. "वड्याच्या अलीकडनं न्हाई, पलीकडनं. अलीकडं द्राक्षबाग झालीया, आता मेंढरं जाऊ देत न्हाईत." मी खोडरबर काढला. मामा नकाशा आपल्या बाजूने फिरवून, ओढा पायाशी येईल असा धरून बसले होते. पेन्सिल त्यांच्याच हातात दिली.